खळ

मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद.
मोरचूद घातला की कागदाला झुरळ लागत नाही.
मे संपत आला की बायको पातेलं वेगळं काढते,
त्यात परत कधी आमटी शिजत नाही.

मी पंडित चौगले, विभागीय कार्यालयाचा शिपाई.
माझं काम चिकटवणं.
वर कलम दोनशे चौसष्ट, खाली शिक्का, खाली सही.
सही करणारे बदलतात.

शनिवार पेठेतल्या एका तिमजली घरावर
अकरा उन्हाळे मी तोच कागद लावला,
जुन्यावर नवा, त्याच्यावर नवा,
थर एवढा जाड झाला
की भिंतीची भेग बाहेरून दिसेना.

अक्काताई लोहार वरनं वाकून विचारायच्या,
"आलाईस व्हय पंडित? चहा टाकू?"
टाका, म्हणायचो.
ज्या हातानं घर सोडा म्हणून लावायचं
त्याच हातानं कपबशी धरायची.

त्याच घराला घरफाळ्याचं बिल जायचं, वेळेवर.
तेही मीच द्यायचो.
एप्रिलात ते घर असायचं,
जूनमध्ये धोका.

मालक पुण्यात. तारीख कोर्टात.
भाडं महिना एकशे चाळीस.
"जायाचं कुठं, ते लिवलंय का त्यात?"
त्यांचा चष्मा फुटला होता त्या वर्षी,
मी सगळं वाचून दाखवलं.
लिहिलं नव्हतं.
शेवटची ओळ तेवढी ठळक होती:
अन्यथा होणाऱ्या जीवित व वित्तहानीस
महानगरपालिका जबाबदार राहणार नाही.
अक्काताई म्हणाल्या,
"आम्ही हितं ऱ्हातोय.
ती कुठं ऱ्हाती मग?"

गेल्या ऑगस्टात पावसाला आठ दिवस खळ नव्हती.
नदीला आमच्याकडे खुणा आहेत:
एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका,
शाळेतली पोरंसुद्धा पाठ म्हणतात.
भिंतीला अशी पट्टी कुणी लावलेली नाही.
अख्खं शहर पंचगंगेकडे बघत होतं
आणि पहाटे पावणेसहाला
पेठेत गॅलरी खाली आली, मागोमाग भिंत.
खाली युनूस अत्तार दुकान उघडत होते.
शटर गुडघ्यापर्यंत वर गेलेलं.
तीन दिवस त्या चिखलाला
उदबत्तीचा वास येत होता.

चौकशीत साहेबांनी पहिला प्रश्न मला केला.
नोटीस लावली होती?
होय साहेब.
पुरावा?
मोबाईल पुढे केला. तारीख, वेळ, भिंत, कागद,
कोपऱ्यात माझा अंगठा.
साहेबांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला.
टेबलाभोवती सगळ्यांनीच सोडला.
तेवढ्यात आमच्याच छताचा पोपडा
फायलीवर पडला.
तो मीच झाडला, शिपाई म्हणून.

संध्याकाळी ढिगाऱ्यात जाऊन माझा थर शोधला.
विटा सुट्या, तुळईचे दोन तुकडे,
आणि अकरा कागद एकमेकांना घट्ट धरून,
पाठीला चुना, पुठ्ठ्यासारखे अख्खे.
खळ चांगली होती.
माझ्या कामात कसूर नव्हती.
कुणाच्याच नव्हती, असं अहवालात आहे.

यंदा यादीत सदतीस घरं.
अक्काताई जावयाकडे, उचगावला.
परवा पातेलं गॅसवर ठेवलं, ढवळत बसलो,
घट्ट झालं तरी उतरवलं नाही.
बायको म्हणाली, "करपायलंय की ओ."
मग दुसऱ्यांदा मैदा भिजवला.

सोमवारी पहिल्या घराला गेलो.
वर, डावीकडे, मध्ये, सगळीकडे हात फिरवला.
उजवा खालचा कोपरा तेवढा कोरडा ठेवला.
दुपारपर्यंत उन्हानं तो वळला,
त्याच्या आत शेवटचा शब्द गेला,
आणि भिंतीवर उरलं:
महानगरपालिका जबाबदार राहणार.
रस्त्यानं जाणाऱ्या कुणी वाचलं का, माहीत नाही.

फोटो काढताना मात्र
कोपरा अंगठ्यानं दाबून धरावा लागतो.
कागद पूर्ण दिसला पाहिजे,
असा नियम आहे.